विषारी कोळी ओळखताना आणि घराबाहेर ठेवताना या चुका टाळा

विष जवळपास प्रत्येक कोळ्यात असतं. किडा लुळा पाडायला ते लागतंच. पण आजवर नोंदलेल्या ५० हजारांहून अधिक जातींपैकी माणसाला दवाखाना गाठावा लागेल अशा जाती अगदी मोजक्या आहेत. घरात-अंगणात गाठ पडू शकते ती मुख्यतः विडो (ब्लॅक विडो, ब्राउन विडो, रेडबॅक) आणि रिक्लूस या गटांशी. पूर्व ऑस्ट्रेलियात त्यात फनेल-वेबची भर पडते. यांपैकी आपल्या भागात कोण आढळतं, ते आधी माहीत करून घ्या. निम्मी भीती तिथेच संपते.

चूक : आकाराला घाबरणं

भिंतीवर बसलेला तळहाताएवढा हंट्समन चावला तर दुखतं, पण तेवढंच. विडोची मादी आणि रिक्लूस यांचं धड मात्र जेमतेम सेंटिमीटरभराचं असतं. मोठ्या कोळ्याच्या मागे झाडू घेऊन धावणारी माणसं कोपऱ्यातल्या या लहानशा कोळ्याकडे बघतही नाहीत.

चूक : एकाच खुणेवर विसंबणं

रिक्लूसच्या पाठीवर व्हायोलिनच्या आकाराची खूण असते, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण लहान वयाच्या रिक्लूसमध्ये ती पुसट असते आणि कित्येक निरुपद्रवी कोळ्यांच्या पाठीवरही तशीच काहीशी आकृती दिसते. खात्रीची खूण म्हणजे डोळे. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, रिक्लूसला सहाच, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत : एक जोडी समोर आणि एकेक दोन्ही बाजूंना. कोळी काचेच्या बरणीखाली झाकून मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. पायांवर पट्टे किंवा जाड काटे असतील, किंवा पोटावर नक्षी असेल, तर तो रिक्लूस नाही.

विडोच्या बाबतीत लोक पाठ बघतात आणि फसतात. ब्लॅक विडोचा लाल वाळूघड्याळाचा आकार पोटाच्या खालच्या बाजूला असतो. मात्र ती जाळ्यात उलटी लटकते, त्यामुळे जाळ्यात असताना तो वरून दिसू शकतो. जमिनीवर चालताना नुसता चकचकीत काळा रंग दिसतो. रेडबॅकला पाठीवरही लाल पट्टा असतो. ब्राउन विडो तपकिरी, ठिपक्या-पट्ट्यांची असते आणि वाळूघड्याळ नारिंगी. तिला ओळखायचं तर अंड्यांची पिशवी बघा. गोखरूसारखी चोहोबाजूंनी टोकं असलेली ती पिशवी एकदा पाहिली की विसरत नाही.

जाळंही बरंच सांगून जातं. चाकासारखं गोल, रेखीव जाळं विणणारा कोळी या तिघांपैकी कुणीच नाही. विडोचं जाळं जमिनीलगत, वेडंवाकडं आणि विलक्षण चिवट असतं. काडीने ओढलं तर धागे तुटताना कडकड ऐकू येतं.

चूक : प्रत्येक जखमेचं खापर कोळ्यावर फोडणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. सकाळी उठल्यावर अंगावर फोड दिसला की ‘रात्री कोळी चावला’ असं ठरवलं जातं. कोळी मात्र कुणी पाहिलेला नसतो. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका घरात २००१ साली सहा महिन्यांत २,०५५ ब्राउन रिक्लूस पकडले गेले. तिथे राहणाऱ्या चौघांपैकी कुणालाही चावा झाल्याचं आढळलं नाही. कपड्यात किंवा पांघरुणात चिरडला गेल्याखेरीज रिक्लूस सहसा चावत नाही.

पू धरलेलं, लाल, दुखरं गळू बऱ्याचदा जिवाणूंच्या संसर्गाचं असतं. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठलेले फोड नागिणीचे असू शकतात. तिच्यावरची औषधं पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात, आणि कोळ्यावर उपचार करण्यात नेमके तेच तास वाया जातात. त्वचेवर रेघ ओढल्यासारखा जळजळणारा पट्टा उमटला असेल, तर पेडेरस नावाचा बारीक भुंगेरा अंगावर चिरडला गेला असण्याची शक्यता अधिक. दोन टोचलेल्या खुणा दिसल्या म्हणजे कोळीच, हाही गैरसमज.

चूक : नुसती फवारणी

कोळी पायांच्या टोकांवर चालतो, पोट सहसा टेकवत नाही. म्हणून फरशीवर वाळलेलं औषध त्याला फारसं लागत नाही. त्यापेक्षा व्हॅक्युम क्लीनरने कोळी, जाळी आणि अंड्यांच्या पिशव्या ओढून घ्या आणि आतली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. विडोच्या एका पिशवीतही शंभरावर अंडी असू शकतात. चिकट सापळे खोलीच्या मध्यभागी ठेवून उपयोग नाही. भिंतीला अगदी खेटून ठेवा. त्यांत काय अडकतंय यावरून कोळी कुठून येतात तेही कळतं. बाहेरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावा. किडे कमी येतील, मग कोळीही.

चूक : अडगळीत उघडा हात घालणं

पुठ्ठ्याची खोकी ही रिक्लूसची आवडती जागा. सामान घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवा. लाकडं, विटा, कुंड्या हलवताना जाड हातमोजे घाला. पण ते हातमोजे आणि बाहेर ठेवलेले बूट आधी झटकायला विसरू नका. पलंग भिंतीपासून वीतभर दूर हवा आणि चादर जमिनीला टेकता कामा नये. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा.

चूक : चावल्यावर भलतेच उपाय

चिरा देणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं, शेक देणं, यातलं काहीही करू नका. साबण-पाण्याने धुवा, अंगठी-बांगडी काढा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा.

फनेल-वेबचा नियम वेगळा : बोटांपासून वरपर्यंत पूर्ण हात किंवा पाय, मुरगळल्यावर बांधतो तितक्या घट्ट रुंद पट्टीने गुंडाळा, फळी लावून स्थिर ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. त्याचं प्रतिविष १९८१ पासून उपलब्ध आहे. हीच पट्टी रेडबॅकच्या चाव्यावर बांधली तर वेदना वाढतात.

विडोचा चावा टाचणी टोचल्यासारखा असतो, पण सुमारे तासाभरात वेदना पसरते, दरदरून घाम येतो, पोट लाकडासारखं कडक होतं. ॲपेंडिक्स समजून गफलत होते ती इथेच. रिक्लूसचा चावा अनेकदा कळतही नाही. काही तासांनी जागा दुखू लागते आणि मधोमध निळसर-काळी पडते. ताप आला किंवा लघवी गडद झाली तर लगेच रुग्णालय गाठा, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. कोळी सापडला तर चिरडलेला का होईना, बरणीत घालून सोबत न्या. पोहण्याच्या तलावातून बुडालेला फनेल-वेब उचलायचा असेल तर जाळीनेच उचला : पाण्याखाली तो तासन्‌तास जिवंत राहतो.