फेरी पाण्यावरची, फेरी हवेतली: भाषांतर करताना या चुका टाळा

विमानांवरच्या एका लेखाचं भाषांतर तपासताना हे वाक्य समोर आलं: 'फेरी फ्लाइट प्रवाशांना घेऊन दुरुस्तीच्या तळावर पोचली.' मूळ मजकुरात प्रवाशांचं नावही नव्हतं; तिथे रिकामं विमानच पोचवलं जात होतं. 'फेरी' म्हटल्यावर भाषांतरकाराच्या डोळ्यांपुढे फेरीबोट आली आणि माणसं त्याने पदरची बसवली.

या चुकीला आपल्या भाषेचाही हातभार लागतो. मराठीतली फेरी फिरण्यातून आली: बसच्या फेऱ्या, मतमोजणीच्या फेऱ्या, प्रभातफेरी. इंग्रजी फेरीच्या मुळाशी वाहून नेणं आहे. उच्चार जुळतो, नातं जुळत नाही. म्हणून 'विमानफेरी' लिहिलं की वाचक वेळापत्रकातलं नेहमीचं उड्डाण समजतो आणि अर्थ उलटा होतो.

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट शोधते: पोचवलं काय जातंय? पाण्यावर होडी माणसांना, गाड्यांना पैलतीरी नेते. त्यासाठी आपल्याकडे 'तर' हा जुना, नेमका शब्द आहे. हवेत मात्र बहुतेकदा विमानच पोचवायचं असतं. कारखान्यातून खरेदीदाराकडे, नाहीतर बिघडलेलं विमान दुरुस्तीला. अमेरिकेत उड्डाणयोग्यतेच्या सगळ्या अटी न भागवणारं, पण सुरक्षितपणे उडू शकेल असं विमान हलवायला खास परवाना मिळतो. बोलण्यात त्याला 'फेरी परमिट' म्हणतात. त्या विमानात भाडं भरलेला प्रवासी नसतो. 'फेरी फ्लाइट'साठी मी सरळ 'विमान पोचवण्याचं उड्डाण' लिहिते. लांबलचक आहे, पण कुणाची फसगत होत नाही.

'फेरी पायलट'ला 'फेऱ्या मारणारा वैमानिक' केलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीचे वैमानिक लष्करी विमानं कारखान्यांतून हवाई दलाच्या तळांवर नेऊन देत. त्यांत 168 स्त्रिया होत्या. 1930 साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडालेल्या एमी जॉन्सन त्यांतल्याच. 5 जानेवारी 1941 रोजी असंच एक विमान पोचवायला निघालेल्या असताना थेम्स नदीच्या मुखाशी त्यांचा अंत झाला. 'फेऱ्या मारणं' या शब्दांत ते काम मावत नाही.

'फेरी रेंज' हा आणखी एक खड्डा. हा विमानाचा नेहमीचा पल्ला नव्हे. भरपूर इंधन, कधी जादा टाक्याही, आणि माल जवळपास नाही अशा स्थितीत एका दमात कापता येणारं ते अंतर असतं. आकडा मोठा दिसतो म्हणून तो दुसऱ्या विमानाच्या भारासकट पल्ल्याशेजारी ठेवू नका.

'एअर फेरी' दिसली तर मात्र थांबा, कारण इथे पाण्याचा अर्थ हवेत गेलेला असतो. सिल्व्हर सिटी एअरवेजने 1948 मध्ये इंग्लंडमधल्या लिमहून फ्रान्समधल्या ल तूकेला मोटारी आणि त्यांचे मालक विमानाने न्यायला सुरुवात केली. इंग्लिश खाडी तीच, फक्त तर उडणारी.

कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी निमुळती होडी, चालवणाऱ्यांची 'फेरी' याहून निराळी. तिथे कुणालाच पोचवायचं नसतं. वाहत्या पाण्यातून खाली न वाहवता आडवं पलीकडे जाण्याची ती युक्ती. नवखा माणूस टोक थेट समोरच्या काठाकडे वळवतो आणि प्रवाह त्याला खाली ओढून नेतो. टोक प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवायचं, पैलतीराकडे थोडंसंच कलतं, आणि वल्हवत राहायचं. मग पाण्याचा रेटाच कयाक आडवी सरकवतो. प्रवाहाचा जोर जितका जास्त, टोकाचा प्रवाहाशी कोन तितका कमी. प्रवाहात शिरताना वरच्या अंगाची कड किंचित उचललेली हवी, नाहीतर पाणी तिच्यावर चढून कयाक उलटते. या अर्थासाठी 'फेरी मारणे' नको. 'प्रवाह तिरका कापत पलीकडे जाणे' असंच लिहा.