काँक्रीट कटिंगच्या कामाचे फोटो : काय टिपावं आणि कुठे उभं राहावं

वरच्या मजल्यावरचं कोअर कटिंग, म्हणजे काँक्रीटमध्ये गोल भोक पाडायचं काम, संपून दोन दिवस झाले होते. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला बोलावलं, छतावरची भेग दाखवली आणि म्हणाले, "ही तुमच्या मशीनमुळे पडली." माझ्याकडे वरून काढलेले चाळीसेक फोटो होते, खालून एकही नव्हता. भेग जुनी आहे असं मला वाटत होतं, पण दाखवायला काहीच नव्हतं. दुरुस्तीचा खर्च आम्हीच सोसला.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. मशीन लागायच्या आधीच निम्म्याहून जास्त फोटो काढून झालेले असतात. चालू कामाचे फोटो दिसायला भारी असतात, पण वाद मिटतो तो आधीच्या आणि नंतरच्या फोटोंवर. जिवाला धोका मात्र चालू कामाच्या फोटोंतच असतो. म्हणून ते कमी काढायचे आणि ठरवून काढायचे.

मशीन लागायच्या आधी

आधी परवानगी घ्या, जागेच्या मालकाची आणि साइटच्या सुपरवायझरचीही. वापरात असलेल्या इमारतीत मागे उघडी कपाटं, संगणकाचे पडदे, कुलपं किंवा लोकांचे चेहरे येत असतील तर फोटोची चौकट बदला. कामगारांनाही सांगूनच फोटो काढा.

मग प्रत्येक जागेचे तीन फोटो घ्या. पहिला दुरून, त्यात दार, खिडकी किंवा कॉलमचा नंबर दिसावा. दुसरा मधून, त्यात कापायचा पूर्ण भाग यावा. तिसरा जवळून. नुसता जवळचा फोटो कुठल्या भिंतीचा आहे हे महिन्याभराने काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. तिन्हींत एक छोटी पाटी ठेवा आणि तिच्यावर तारीख, मजला, ड्रॉइंगचा नंबर, भोकाचा नंबर, व्यास आणि स्लॅबची किंवा भिंतीची जाडी जाड मार्करने लिहा. हेच सगळं मागच्या बाजूनेही करा. भिंत असेल तर पलीकडच्या खोलीत जा, स्लॅब असेल तर खालच्या मजल्यावर. आरपार कापताना पलीकडचा पृष्ठभाग फुटू शकतो, म्हणून तिथलं प्लास्टर, रंग, पाइप, दिवे सगळं आधीच टिपलेलं असावं.

भेगांना जास्त वेळ द्या. समोरून फ्लॅश मारला तर बारीक भेग उजेडात विरघळून जाते. फ्लॅश बंद करा आणि बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाका. केसासारखी भेगसुद्धा सावलीमुळे उठून दिसते. शेजारी पट्टी किंवा भेग मोजायचं कार्ड धरा. मग भेगेच्या आत बघा. आत रंग शिरलेला असेल, कोळिष्टक किंवा काळपट धूळ असेल, तर भेग जुनी आहे. नव्या भेगेच्या कडा स्वच्छ आणि धारदार असतात. हा एक जवळचा फोटो माझ्याकडे असता, तर तो खर्च आमच्यावर आला नसता.

सळई शोधायचं स्कॅनिंग झालं की खडूच्या खुणांचा फोटो लगेच काढा. कटिंगचं पाणी सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्या धुऊन जातात, आणि "इथे सळई दाखवली होती का?" हा प्रश्न नंतर हमखास येतो. स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल किंवा विजेची पाइप सापडली असेल, तर त्या खुणेचा फोटो इंजिनिअरला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत मशीन लावू देऊ नका. मापाच्या फोटोत टेप पृष्ठभागाला चिकटलेला असावा आणि कॅमेरा बरोबर समोर, काटकोनात. तिरक्या कोनातून टेपचा आकडा भलतीकडे सरकतो. फोनच्या वाइड अँगल लेन्सने कडेच्या सरळ रेषाही वाकतात, म्हणून मापासाठी ती वापरू नका.

पातं फिरत असताना

जो कापतो त्याने फोटो काढायचे नाहीत आणि जो फोटो काढतो त्याने दुसरं काम हातात घ्यायचं नाही. सुरू करण्याआधी ऑपरेटरशी हाताच्या खुणा ठरवून घ्या, कारण आवाजात हाक ऐकू जात नाही. त्याला दिसाल अशा बाजूनेच जा. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवणं अत्यंत धोक्याचं आहे, तो दचकून वळला तर मशीन त्याच्या हातातच असते. फ्लॅशही नको. त्याने ऑपरेटरचे डोळे दिपतात आणि फोटोत उडणाऱ्या थेंबांचे पांढरे ठिपके भरतात.

पातं ज्या रेषेत फिरतं त्या रेषेत, पुढे किंवा मागे, कधीच उभं राहू नका. पात्याचा तुकडा उडाला तर तो त्याच रेषेत येतो. वायर सॉ, म्हणजे तारेने कापायचं मशीन, असेल तर अंतर आणखी वाढवा. तिची तार वेगाने पळत असते आणि तिच्यावर हिऱ्याच्या कणांचे मणी ओवलेले असतात. तार तुटली की टोक चाबकासारखं फिरतं आणि मणी गोळीसारखे सुटतात. तारेच्या रेषेत बॅरिकेडबाहेर उभं राहणंही पुरेसं नाही, मध्ये भक्कम आडोसा हवा.

खालून "कोअर (कापलेला गोल तुकडा) बाहेर येतानाचा" फोटो काढायचा मोह अनेकांना होतो. ३०० मिलिमीटर व्यासाचा आणि २०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमधून निघालेला कोअर साधारण ३४ किलोचा असतो. त्याच जाडीच्या भिंतीत १ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दाराएवढा तुकडा कापला तर वजन एक टनाच्या घरात जातं. खाली माणूस नको, फोटोग्राफरसुद्धा नको. तो फोटो हवाच असेल तर फोन ट्रायपॉडवर लावा, व्हिडिओ सुरू करा आणि कुंपणाबाहेर या.

खरं तर चालू कामाचा प्रत्येक फोटो असाच काढावा. ट्रायपॉड ठेवायचा, नाहीतर लांबून झूम करायचं. शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/१००० सेकंद ठेवलं तर पाण्याचे थेंब थबकल्यासारखे दिसतात, पण पात्याची गतीही कमी दिसते आणि बघणाऱ्याला मशीन बंद वाटू शकते. १/६० च्या आसपास पात्याची गती दिसते, फक्त कॅमेरा घट्ट बसवलेला हवा.

पडद्याकडे बघत पाऊल टाकायचं नाही. थांबा, फोटो काढा, फोन खाली करा, मग चाला. चौकट मोठी करायला दोन पावलं मागे जाणारा माणूस नुकत्याच कापलेल्या भोकात जाऊ शकतो. कॅमेऱ्याचा गळ्यातला लोंबता पट्टा काढून ठेवा, ओढणी किंवा सैल बाह्या खोचून घ्या.

आणि धूळ. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, आणि फुप्फुसात खोलवर जाणारे तिचे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. हवा स्वच्छ दिसते म्हणून मास्क खाली करणारी माणसं मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी जीव कळवळतो, कारण या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या आजाराने खराब झालेलं फुप्फुस परत बरं होत नाही. साधा कापडी मास्क चालणार नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा लावा. गॉगल, हेल्मेट, कानाला संरक्षण आणि सेफ्टी बूट फोटोग्राफरलाही तेवढेच लागतात. पाणी न वापरता कोरडं कटिंग चाललं असेल आणि धूळ ओढून घेणारा व्हॅक्यूमही नसेल, तर आत जाऊ नका.

लेन्सवर धूळ बसली तर रुमालाने पुसू नका, सिलिका काचेपेक्षा कठीण असते आणि ओरखडे पाडते. आधी हवेच्या पंपाने उडवा, मग ओल्या मऊ कपड्याने टिपा.

कापून झाल्यावर

मशीन बंद झाली, विजेचा प्लग निघाला, तुकडा सुरक्षित उतरवला आणि उघड्या भोकाला कठडा किंवा झाकण लागलं, की मग पुढे जा. पांढरट स्लरी (पाणी आणि काँक्रीटच्या भुकटीचा चिखल) वाळायच्या आत कडा धुऊन घ्यायला सांगा, नाहीतर फोटोत काहीच कळत नाही. स्लरी अल्कलीयुक्त असते आणि त्वचा भाजते, तेव्हा हातमोजे घाला.

चौकोनी ओपनिंगचे चारही कोपरे जवळून टिपा. पातं गोल असल्यामुळे कोपऱ्यात पूर्ण जाडी कापायची तर पुढच्या पृष्ठभागावर काप रेषेच्या पलीकडे जातो. ८०० मिलिमीटर व्यासाचं पातं २०० मिलिमीटर भिंतीच्या पलीकडच्या बाजूला जेमतेम टेकलं, तर हा जादा काप जवळपास ३५ सेंटिमीटर होतो. पातं आणखी आत घातलं की तो कमी होतो, आणि कोपऱ्यात आधी कोअर मारला तर टाळता येतो. जादा काप सळईत गेला आहे का, हे इंजिनिअर फोटोवरूनच विचारतो, म्हणून टेप लावून त्याची लांबी दाखवा.

कापलेल्या कडेत सळयांची चकाकती टोकं दिसतात. ती मोजा, पट्टी लावून व्यास दाखवा आणि आधीच्या खडूच्या खुणांच्या फोटोशी जुळवा. निघालेल्या कोअरवर नंबर घालून त्याचाही उभा फोटो घ्या. मग पुन्हा पलीकडे जा आणि सकाळी जिथे उभे होता तिथूनच, त्याच चौकटीत, तेच फोटो काढा.

फोटो जपताना

सकाळी पहिलं काम म्हणजे फोनचं घड्याळ बरोबर आहे का ते बघणं. मूळ फाइलमध्ये वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि ही नोंद निघून जाते, म्हणून पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइलला हात लावू नका, बाण किंवा गोल काढायचे तर तिच्या प्रतीवर काढा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला, पुढे मजला, भोकाचा नंबर आणि 'आधी' किंवा 'नंतर'. अशाने फाइली आपोआप ओळीने लागतात. साइट सोडण्याआधी दुसरी प्रत फोनबाहेर कुठेतरी गेलेली असू द्या, आणि सुपरवायझरला फोटो दाखवून कामाच्या वहीत त्यांची सही घ्या.