अख्खा अल्बम कसा ऐकावा आणि मनात आलेलं कसं टिपावं

गाणी आपल्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं पोचतात. वरातीच्या डीजेवर एक कडवं, शेजारच्या ट्रॅक्टरवर दुसरं, मोबाइलवर कुणाच्या तरी रीलमागे तिसऱ्याचं नुसतं ध्रुवपद. त्यामुळे गाणी पुष्कळ ओळखीची होतात, पण अल्बम क्वचितच ओळखीचा होतो. १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं संगीत मावू लागलं. त्याआधीच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. या नव्या चाळीस मिनिटांत कुठलं गाणं आधी घ्यायचं, कुठलं मागून, बाजू उलटायला उठलेल्या माणसाला कुठल्या सुरावर सोडायचं, याचा कलावंत खोलवर विचार करू लागले. तो विचार हाती लागायचा तर अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमानं ऐकावा लागतो. आणि लोक काय म्हणतात ते वाचायच्या आधी आपल्याला काय वाटलं ते लिहून ठेवावं लागतं. गावात पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडचं नाव ऐकलेलं दुसरं कुणी नसेल, तर फारच छान. तुमच्या आणि त्या संगीताच्या मध्ये कुणाचं मत उभं नाही.

पहिला अल्बम निवडा

सुरुवात ‘कॉल ऑफ द व्हॅली’पासून करा. १९६७ चा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस यात वाद्यांनी सांगितला आहे. अहिरभैरव आणि नटभैरवानं उजाडतं, मग पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास. शब्द नाहीत, म्हणून भाषेची अडचण नाही. रागांची नावं माहीत नसली तरी चालेल. ज्यानं लहानपणी गुरं चारली आहेत, त्याला उन्हं चढताना आणि उतरताना रानात काय बदलतं ते ठाऊक असतं. ऐकायला तेवढं भांडवल पुरे.

या अल्बमचे निर्माते जी. एन. जोशी. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ याच जोशींनी गाऊन ध्वनिमुद्रिकेवर आणली, आणि मराठी भावगीताची गोष्ट तिथूनच सांगायला घेतात. बुलडाण्याच्या मातीतल्या कवितेला आवाज देणारा माणूस पुढे काश्मीरच्या दऱ्यांचा अल्बम घडवतो, हे मला फार मोलाचं वाटतं. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर!

वेळ आणि जागा ठरवा

आपल्याकडे हाच भाग सगळ्यांत अवघड. सोयाबीन काढणीच्या दिवसांत किंवा कापसाची वेचणी चालू असताना हे करायला जाऊ नका. मन वावरात आणि कान गाण्यात असं होतं. होळीनंतर हात जरा मोकळे होतात, रात्री अंगणात नाहीतर गच्चीवर बाजा पडतात, ती वेळ उत्तम. घरात ऐकायचं असेल तर कूलर बंद करा. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरच्या घरघरीत खालचे, जाड सूर पार बुडून जातात. म्हणून उन्हाळ्यात बाहेर, जेवणं आटोपून गाव निजल्यावर ऐकावं.

जागलीवर किंवा रात्रीच्या ओलितावर पुष्कळ जण गाणी ऐकतात. तिथं दोन्ही कानांत इअरफोन घालू नका. रानडुकराची चाहूल, पायाशी सळसळलेलं जनावर, हे ऐकायला कान मोकळा लागतो. शिवाय दर थोड्या वेळानं पाण्याचं बारं बदलायला उठावं लागतं, त्यात अल्बमचा धागा तुटतो. तिथं ओळखीची गाणी ऐकावीत. नवा अल्बम घरासाठी ठेवावा.

फोन तयार करा

गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल बंद करा. दोन गाणी एकमेकांत विरघळवणारी क्रॉसफेडची सोय सुरू असेल तर तीही बंद करा, कारण दोन गाण्यांमधली शांतता किंवा जोड अल्बम करणाऱ्यानं ठरवलेली असते. काही ॲपांच्या फुकट प्रकारात हवा तो क्रम मिळत नाही आणि मध्येच जाहिरात घुसते. परवडत असेल तर एखाद्या महिन्याची वर्गणी भरा आणि रेंज असते तिथं, तालुक्याला गेल्यावर वगैरे, अल्बम फोनवर उतरवून घ्या. १६० केबीपीएस दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे १.२ एमबी घेतो, म्हणजे त्रेचाळीस मिनिटांचा अल्बम ५० एमबीच्या थोडा वर. व्हिडिओ लावाल तर डेटा याच्या कितीतरी पट जातो.

जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्तीत शेवटी जादा गाणी जोडलेली असतात. मूळ अल्बम कुठं संपतो ते आधी बघून ठेवा आणि तिथंच थांबा. नावात ‘बेस्ट ऑफ’, ‘ग्रेटेस्ट हिट्स’ असेल तर तो निवडक गाण्यांचा संग्रह आहे. ऐकायला गोड, पण या कामाचा नाही.

साधे वायरचे इअरफोन वापरा. फोनच्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत.

भाषा कळत नसेल तर ताल मोजा

दुसरा अल्बम म्हणून मी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ सुचवतो. पिंक फ्लॉइड, मार्च १९७३, दहा तुकडे, त्रेचाळीस मिनिटं. इंग्रजी गाणी म्हटली की आपल्याकडे माणूस आधीच माघार घेतो. त्यानं या अल्बमपाशी जरूर बसावं. तो काळजाच्या धडधडीनं उघडतो आणि धडधडीवरच संपतो. फोनच्या स्पीकरवर ती जवळपास ऐकूच येत नाही, इअरफोनचा आग्रह त्यासाठीही होता. चौथ्या गाण्याच्या तोंडाशी पुष्कळ घड्याळं एकदम वाजतात. पाचव्यात क्लेअर टोरी ही गायिका एकही शब्द न उच्चारता गाते. आलाप ऐकत वाढलेल्या कानाला यात परकं काय आहे? विव्हळणं, वर चढणं, दमून खाली येणं, सगळं कळतं. तिथं तबकडीची पहिली बाजू संपते.

दुसरी बाजू उघडते ‘मनी’नं. पैशाच्या गल्ल्याचा खणखणाट तालात बसवला आहे. इथं बोटांवर मात्रा मोजा. सात भरतील. तुमच्या भजनी मंडळात सात मात्रांचा रूपक ताल वाजवणारा तबलजी असेल तर त्याला शेजारी बसवा, मांडीवर थाप देऊन तो लगेच सांगेल. मग गिटारचा लांब तुकडा आला की सातच्या चार होतात आणि गाणं पळू लागतं, नंतर पुन्हा सातावर येतं. हे स्वतः पकडल्यावर जो आनंद होतो तो कुठल्याही परीक्षणात वाचून मिळायचा नाही. खंजिरीच्या भजनावर, दंडारीवर, झाडीपट्टीच्या नाटकांवर पोसलेला कान तालाला पक्का असतो. त्याच्यावर विश्वास टाका.

गाण्यांचे शब्द आणि त्यांचा अर्थ पहिलं ऐकणं झाल्यावर शोधा.

वहीत काय लिहावं

पहिल्या वेळी गाणं थांबवू नका, मागे नेऊ नका. हाताशी वही-पेन ठेवा आणि प्रत्येक गाण्याला दोन-चार शब्दच लिहा. पूर्ण वाक्य लिहायला गेलात की पुढचं गाणं हातचं जातं. अल्बम संपला की लगेच बोलू नका, फोन उघडू नका. त्या कच्च्या शब्दांवरून सलग टिपण लिहून काढा.

‘मस्त आहे’, ‘बोर झालं’ एवढ्यावर सोडू नका. काय झालं, कुठं झालं ते लिहा. असं काहीसं: ‘घड्याळं वाजली तेव्हा दचकलो. नंतर बराच वेळ नुसते ठोके, गाणं सुरूच होईना, चिडचिड झाली. सुरू झालं तेव्हा मात्र तेवढी वाट बघायला लावली ते बरं वाटलं.’ यात कौतुक आहे, तक्रारही आहे, आणि दोन्हीचं कारण आहे. नावाजलेला अल्बम आवडला नाही तर तसंच लिहा. जगानं डोक्यावर घेतलं म्हणून आपणही घ्यावं असं काही नाही. फक्त कुठं मन उठलं ते गाणं नेमकं नोंदवा. एखाद्या सुरानं कुणाची आठवण आली, गेलेली आजी, हिंगणघाटच्या बाजारातलं कॅसेटचं दुकान, तर तेही लिहा. पण ते तुमचं आणि हे गाण्याचं, एवढं वेगळं ठेवा.

वाद्याचं नाव माहीत नसेल तर आवाज कसा होता ते आपल्या शब्दांत लिहावं. नाव मागून सापडतं.

पुन्हा ऐका

आठवडाभर जाऊ द्या. मग जुनं टिपण न वाचता तोच अल्बम ऐका, नवं लिहा आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवा. बहुतेक वेळा पहिल्यांदा आवडलेलं ठसठशीत गाणं थोडं मागे सरकतं आणि मधलं, दबलेलं एखादं पुढे येतं. कधी उलटही होतं. दोन्ही टिपणं राहू द्या, जुनं खोडू नका.

आता हवं तर इतरांनी काय म्हटलंय ते वाचा. घरात किंवा गावात एखादा सोबती मिळाला तर दोघांनी वेगवेगळं ऐकून, वेगवेगळं लिहून मग वह्या बदलाव्यात. समोरासमोर बसून ऐकलं की एकाचा चेहरा बघून दुसऱ्याचं मत बनतं.

पुढे कुठं जावं

मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’, १९८२, घ्यायला हरकत नाही. नऊ गाणी, प्रत्येक आपल्या पायावर उभं. ती एका गोष्टीत ओवलेली नाहीत, म्हणून माझा जीव त्यात तेवढा रमत नाही, पण वाजवण्यातली सफाई ऐकावी अशीच आहे. माझा ओढा अमेरिकी गायक मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’कडे आहे, १९७१. त्याचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परतला होता, आणि अल्बममध्येही परतलेला सैनिक भोवतालचं बघतो: बेकारी, नशा, विषारी झालेली हवा आणि पाणी. पहिल्या बाजूची सहा गाणी एकमेकांत मिसळत जातात. त्यातल्या सहाव्या गाण्यात पारा भरलेल्या माशांचा उल्लेख येतो. चंद्रपूरकडं औष्णिक केंद्राची राख बघत राहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा समजावून द्यायला नको.

घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्यायचं असेल तर ‘गीतरामायण’ घ्या. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, छप्पन्न गाणी. हे मात्र एका बैठकीत ऐकू नका. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत ते आठवड्याला एक असं आलं होतं. तसंच ऐका: आठवड्यातला एक वार ठरवा, एक गाणं लावा, आबाजींना काय आठवतं ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, आणि पुढचं गाणं पुढच्या आठवड्यासाठी ठेवा.