पहिला मोड कॉलमचाच आहे का, ते आधी बघा

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या शेडची फाईल नव्या माणसाच्या हातात येते, तेव्हा बकलिंग रन, म्हणजे दाबाखाली स्टीलची फ्रेम कधी आणि कशी वाकून जाईल हे बघणारं अॅनालिसिस, द्यायला त्याला जमतंच. सहा मोड (वाकण्याचे आकार) मागितले, सहा आकडे आले: प्रत्येक मोडचा लॅम्डा, म्हणजे लोड किती पट केला की तो मोड येतो ते. घोळ होतो तो पुढे. पहिला आकडा उचलायचा आणि त्यावरून कॉलमची इफेक्टिव्ह लेंग्थ (बकलिंगच्या हिशोबात धरायची लांबी) काढायची, ही सवय फार महागात पडते. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच सांगतो.

एक कॉलम घेऊ. वेब ६०० बाय ५, फ्लँज १८० बाय ८, उंची ८ मीटर, पायथा फिक्स, दर २ मीटरला फ्लाय ब्रेससह (आतल्या फ्लँजला धरणारा तिरका अँगल) गर्ट (भिंतीचा पत्रा धरणारा आडवा मेंबर), फॅक्टर्ड अॅक्सियल ४०० किलोन्यूटन. मजबूत अक्षाचा मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे ३५.६ कोटी मिमी⁴. समजा फ्रेम मॉडेलमध्ये पहिला लॅम्डा आला १.३. आता ऑयलरचं सूत्र उलटं लावा: ईआयला (स्टीलचा ई गुणिले मोमेंट ऑफ इनर्शिया) लॅम्डा गुणिले लोडने भागा, वर्गमूळ घ्या, पायने गुणा. लेंग्थ येते ३६.८ मीटर, म्हणजे के (ही लेंग्थ भागिले खरी उंची) ४.६. आठ मीटरच्या कॉलमला!

तो १.३ कॉलमचा नसतोच. तो कुठल्या तरी बारीक ब्रेसिंग अँगलचा असतो. कॉलम त्या मोडमध्ये जागचा हललेलाही नसतो, पण लॅम्डा अख्ख्या मॉडेलला एकच छापला जातो. सूत्र मात्र धरून चालतं की हाच मेंबर वाकतोय. याच फ्रेमचा खरा साइड-स्वे (अख्खी फ्रेम आडवी झुकते तो) मोड समजा खूप पुढे ९ ला सापडला, तर लेंग्थ १४ मीटर आणि के १.७५. फिक्स पायथ्याच्या स्वे फ्रेमला हा आकडा शोभतो. नियम एवढाच: ज्या मोडमध्ये मेंबर स्वतः वाकत नाही, त्या मोडच्या लॅम्डावरून त्याचा के काढायचा नाही. हे वाक्य पहिल्याच महिन्यात कानावर पडायला हवं, पण बहुतेकांच्या पडत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. ४.६ बघून सॉफ्टवेअर वेडं झालंय म्हणायचं आणि सीनिअरच्या जुन्या फाईलमधला १.२ टाकून मोकळं व्हायचं. टेम्पलेट फाईल देणाऱ्या सीनिअरपेक्षा शेजारी बसून मोडचं अॅनिमेशन उघडून दाखवणारा सीनिअर शोधा, मग पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी चालेल.

फ्रेम मॉडेलमध्ये एकट्या मेंबरचे आणि अख्ख्या फ्रेमचे मोड वेगळे करायला एक साधी युक्ती आहे. तेच मॉडेल दोनदा चालवा: एकदा प्रत्येक मेंबर अखंड, एकदा चार तुकडे करून. अखंड एलिमेंटमध्ये मधला फुगवटा नीट पकडला जात नाही. दोन्ही टोकं पिन असलेल्या कॉलमला एका एलिमेंटने ९.८७ ऐवजी १२ हा गुणांक येतो, म्हणजे सुमारे २२ टक्के जास्त. कँटिलिव्हरसारख्या स्वेला मात्र एकाच एलिमेंटने चूक एक टक्क्याच्या आत राहते. म्हणून तुकडे केल्यावर जो आकडा खाली घसरला तो मेंबरचा, आणि जो जवळपास तिथेच राहिला तो फ्रेमचा. रॉड ब्रेसिंग टेन्शन-ओन्ली (फक्त ओढ घेणारं) असेल, तर साध्या बकलिंग केसला ते कळत नाही. आधी नॉन-लिनिअर केस चालवून तिच्या शेवटच्या स्टिफनेसवरून बकलिंग सुरू करा.

आता शेल मॉडेल, म्हणजे वेब आणि फ्लँज प्लेट म्हणून उभे केलेलं. इथे नवा माणूस घाबरतो, आणि घाबरायचं काही कारण नसतं. आपल्या कॉलमवर ताण येतो ६८ मेगापास्कल. वेबचं रुंदी-जाडी गुणोत्तर १२०. कडा पिन धरल्या तर प्लेटचा बकलिंग गुणांक के (वरचा इफेक्टिव्ह लेंग्थचा के नव्हे) ४, क्रिटिकल ताण सुमारे ५०. कडा पूर्ण फिक्स धरल्या तर के ६.९७, ताण सुमारे ८७. म्हणजे पहिला लॅम्डा ०.७४ ते १.२९ यांच्या मधे कुठेतरी यायलाच हवा. एकच्या खाली आला म्हणजे कॉलम पडला, असं नाही. प्लेट फुगल्यावरही भार उचलते, कारण ताण कडांकडे सरकतो. स्टील डिझाइनच्या भारतीय कोडमध्ये, आयएस ८००:२००७ मध्ये, असा सेक्शन स्लेंडर ठरतो आणि इफेक्टिव्ह सेक्शनने त्याचा हिशोब होतो. स्वे मोडला असा राखीव जोर नसतो. तिथे लॅम्डा एकच्या खाली आला, तर काम तिथल्या तिथे थांबवा.

ओळखायचं कसं? वेब आणि फ्लँज जिथे जुळतात ती रेष झूम करून बघा. रेष सरळ आहे आणि मधली वेब तेरा ते वीस अर्ध्या लाटांत आत-बाहेर होतेय, तर लोकल. अख्खा छेद आकार न बदलता सरकला किंवा पिळला, तर ग्लोबल. कडेला दुमड (लिप) असलेल्या झेड पर्लिनमध्ये (छताचा पत्रा धरणारा मेंबर) तिसरी जात भेटते: फ्लँज लिपसकट वेबच्या कोपऱ्याभोवती फिरते. ती डिस्टॉर्शनल. तिच्यासाठी जॉन्स हॉपकिन्सचं मोफत सॉफ्टवेअर सीयूएफएसएम वापरा. अर्ध-तरंगलांबीच्या आलेखात तिन्ही जाती वेगळ्या दिसतात. शेल मॉडेलची मेश (एलिमेंटची जाळी) मात्र नीट हवी: ६०० च्या वेबला आडवे किमान आठ एलिमेंट.

शेल मॉडेलमध्ये ०.८ पासून ९ पर्यंत लोकल मोडची इतकी गर्दी असते की ५० मोड मागूनही स्वे हाती लागत नाही. सॅप २००० मध्ये शेलची मेम्ब्रेन जाडी (प्लेटच्या पातळीतल्या ताणासाठी) आणि बेंडिंग जाडी (प्लेट वाकण्यासाठी) वेगळी देता येते. बेंडिंग जाडी तिप्पट करा, मेम्ब्रेनला हात लावू नका. प्लेटचा वाकण्याचा स्टिफनेस २७ पट होतो, ०.८ चा मोड २१ च्या वर जातो आणि ९ चा स्वे समोर येतो. पण सांभाळा! पीळ सोसणारा स्थिरांक जे हाही जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे लॅटरल-टॉर्शनल (बाजूला सरकत पिळणाऱ्या) मोडचा आकडा या मॉडेलमधून अजिबात घ्यायचा नाही. जाडी दहापट करून बघणारे इथेच फसतात.

लॅम्डा ऋण आला तर लोडची दिशा उलटी केल्यावर तो मोड येतो, एवढाच अर्थ. नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे, आणि हलक्या शेडमध्ये अपलिफ्ट (वारा छत वर उचलतो त्या) कॉम्बिनेशनला राफ्टरचा (छताच्या तिरक्या मेंबरचा) खालचा फ्लँज दाबात जातो. ते कॉम्बिनेशन स्वतंत्र चालवा, डेड लोड आधीच्या केसमध्ये स्थिर ठेवून. नाहीतर लॅम्डा वाऱ्याबरोबर डेड लोडलाही गुणतो, आणि फ्लाय ब्रेस किती अंतरावर हवेत ते चुकतं.