बोट, कान, नाक घडवायचं काम शिकायचंय?

बारावीचा निकाल लागला की मला हमखास फोन येतात. "मॅडम, पोरीचा हात चित्रकलेत चांगला हाय, तुमचं ते बोटं-कान बनवायचं काम तिले जमन का?" जमेल की. पण प्रवेशाच्या रांगेत उभं राहण्याआधी थोडं ऐकून घ्या.

मी हिंगणघाटकडची, शिक्षणाने डेंटल मेकॅनिक. कवळ्या करता करता सिलिकॉनची नकली बोटं, कान, नाक करायच्या कामात आले. आपल्या भागात गरजू माणसं शोधावी लागत नाहीत. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये आणि एरवी कडबा कुट्टीत बोटं जातात. खर्रा खाऊन खाऊन कॅन्सर झालेल्यांची टाळू नाहीतर जबडा काढावा लागतो. कोणाचा डोळा पऱ्हाटीच्या काडीने गेलेला असतो. जन्मतःच एक कान नसलेली लेकरंही येतात.

या कामाची वेगळी पदवी शोधत बसू नका, लोक वेगवेगळ्या वाटांनी इथे पोचतात. चेहऱ्याचंच काम करायचं असेल तर नीट, बीडीएस आणि मग प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये (कृत्रिम दात-जबड्याच्या शाखेत) तीन वर्षांचं एमडीएस. हा विभाग नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आहे, वर्ध्याजवळ सावंगीच्या शरद पवार दंत महाविद्यालयातही आहे. हातापायांकडे ओढा असेल तर बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम हातपाय आणि आधाराची साधनं बनवायची पदवी. हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत आहे, तसाच कटकजवळच्या राष्ट्रीय संस्थेतही. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करावी लागते, म्हणून परिषदेची मान्यता नसलेल्या कोर्सला एक रुपयाही भरू नका, जाहिरात कितीही गोड असो. माझी वाट सगळ्यात स्वस्त: बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डेंटल मेकॅनिकचा कोर्स. त्यात मेण, प्लास्टर, फ्लास्क (साचा बांधायचा धातूचा डबा) रोज हाताखालून जातं. मात्र रोग्याची तपासणी आणि निर्णय डॉक्टरचेच.

कलेच्या शाखेतून येणाऱ्यांनी बुजू नये. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांसाठी पॅरिसमध्ये पातळ तांब्याचे मुखवटे करून रंगवणारी ॲना कोलमन लॅड शिल्पकार होती, डॉक्टर नव्हे. तरी आज हे काम डॉक्टरला सोडून एकट्याने करायचं नसतं. आणि सिनेमाच्या मेकअपचं सिलिकॉन रोग्याच्या कातडीला कधीही लावायचं नाही.

आता घरी काय कराल ते सांगते. शाडू आणा आणि कान घडवा. समोर बसलेल्या माणसाचा डावा कान बघून उजवा करायचा. सोपं वाटतं, पण कानाच्या आतली वळणं डोक्यात उलटी फिरवता फिरवता भले भले चित्रकार वैतागतात. आधी हे जमू द्या, मग साचा. दातांचं माप घ्यायची अल्जिनेटची पावडर नागपुरात डेंटल साहित्याच्या दुकानात मिळते. ती पाण्यात कालवून त्यात आपलंच बोट बुडवा, घट्ट झाली की अलगद काढा आणि पोकळीत डेंटल स्टोन (प्लास्टरसारखंच, पण जास्त कडक होणारं) कालवून ओता. मे महिन्यात माठातलं पाणी घ्या. टाकीच्या तापलेल्या पाण्यात पावडर कालवता कालवताच घट्ट होते, मग बोट घालायला जागा उरत नाही.

खऱ्या कामात गेलेल्या बोटाचा नमुना रोग्याच्या दुसऱ्या हातावरून सरळ उचलता येत नाही, ते बोट उलट्या बाजूचं असतं. म्हणून त्याच मापाचं कोणाचं तरी बोट शोधतो, बहुतेक भावाचं. त्याचा मेणाचा नमुना काढून रोग्याच्या थोट्या बोटावर बसवतो, सुरकुत्या आणि नखाची बैठक कोरतो, साचा बांधतो, मेण उकळत्या पाण्याने काढून टाकतो आणि त्या जागी सिलिकॉन दाबतो. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन असेल तर लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. त्यातल्या गंधकाने सिलिकॉन चिकटच राहतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो रंगात. "सावळा" असा एक रंग नसतोच. शेतात राबणाऱ्याचा हात वरून तांबूस-काळा, पेरावर आणखी गडद, तळव्याकडे पिवळट-गुलाबी आणि नखाखाली फिका. हे रंग आधी सिलिकॉनमध्येच थरांनी भरायचे, लाल आणि निळे बारीक तंतू मिसळायचे आणि मग वरून हलका हात. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात गेला की फसतो, म्हणून रोग्याला ओसरीवर, दिवसाच्या उजेडात बसवा, पण थेट उन्हात नको. उन्हाळ्यात रापलेला हात दिवाळीनंतर उजळतो. ज्याला परवडतं तो दोन रंगांची दोन बोटं करून घेतो.

बसवण्याचंही शास्त्र आहे. थोट्या बोटाचा प्लास्टरचा नमुना किंचित तासला की सिलिकॉन कातडीला घट्ट धरतं, आणि कड अंगठीखाली लपते. पण बोटाचा बुडखा पुरेसा उरलेला हवा. कान-नाक औषधी गोंदाने चिकटवतात, आणि तो गोंद आपल्या एप्रिल-मेच्या घामाला टिकत नाही. टायटॅनियमचे खिळे हाडात बसवून त्यावर लोहचुंबक लावला की पक्कं बसतं, पण ती शस्त्रक्रिया आहे आणि खर्चही. कमी पैशात नाक चष्म्याच्या दांडीला जोडून देतात. मला तो उपाय म्हाताऱ्या माणसांसाठी आवडतो, कारण चष्मा घातला की काम झालं.

पैशाचं सरळ सांगते: नुसत्या बोटांवर तालुक्याच्या गावी दुकान चालत नाही. कवळ्या, दातांची कामं चालू ठेवा आणि नागपूर-वर्ध्याच्या प्लास्टिक सर्जनांना नमुने दाखवा.

मागे एका शेतकऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, कापूस येचता येईन का यानं?" नाही म्हणावं लागलं. हे बोट वाकत नाही, त्याला गरम-गार कळत नाही. आधार म्हणून थोडं उपयोगी पडतं, बाकी दिसण्यासाठी. ही गोष्ट माप घ्यायच्या आधी सांगा, पैसे घेतल्यावर नाही. देताना आणखी बजावा: रात्री काढून ठेवायचं, साध्या साबणाने धुवायचं, गाडीच्या डिक्कीत उन्हात टाकायचं नाही. आणि उजव्या हाताचं असेल तर जेवताना काढायचं. वरणातली हळद सिलिकॉनमध्ये मुरली की कशानेच निघत नाही.