नवऱ्याने दारू सोडली, पुढचं काय?

नवरा घरात शिरला की मी आधी वास घ्यायचे, मग चेहरा बघायचे. दारू बंद झाली तरी ही सवय लगेच जात नाही, आणि समोरच्याला ती रोजची झडती वाटते.

झडतीच्या जागी आम्ही एक छोटा करार केला. जोडप्यांच्या व्यसनमुक्ती उपचारात तो मुद्दाम शिकवतात. ठरलेल्या वेळी तो स्वतःहून सांगतो, ‘आज प्यायलो नाही, उद्याही प्यायची नाही असं ठरवलंय.’ तलफ आली असेल तर तेही सांगतो. मी म्हणते, ‘सांगितलंस, बरं वाटलं.’ बस. त्या वेळी मागचं उकरायचं नाही, पुढची धमकी द्यायची नाही. सुरुवातीला हे नाटकी वाटतं, वाटू द्या. खोदून काढलेल्या उत्तरावर माझा विश्वास बसत नसे, आपणहून सांगितलेल्यावर हळूहळू बसतो. मागच्या तक्रारी गिळायच्या नाहीतच. त्या समुपदेशकासमोर काढायच्या. माझी यादी चांगली लांब होती.

डॉक्टरांनी डायसल्फिराम, म्हणजे जी घेतल्यावर दारू प्यायली तर अंगावर जोरात उलटते ती गोळी दिली असेल, तर ती त्याने तुमच्यासमोर घ्यायची, असंही ठरवता येतं. जेवणात गुपचूप गोळी मिसळा म्हणणारे हमखास भेटतात. त्यांचं ऐकू नका. नकळत गोळी पोटात असताना तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं.

झोप न लागणं, चिडचिड, उदासपणा हे सगळं दारू सुटल्यावर कित्येक महिने राहू शकतं. प्रत्येक वेळी राग आपल्यावरच आहे असं धरू नका. मात्र हात उगारला, तर करार वगैरे बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागी जा.

पैशांचे व्यवहार एकदम परत सोपवू नका. आधी एखादं बिल, मग पुढचं.

पुन्हा प्यायला तर काय, हे तो शुद्धीत आणि तुम्ही शांत असतानाच लिहून ठेवा: फोन कुणाला, गाडीची किल्ली कुणाकडे, मुलं कुठे. पिणं पुन्हा रोजचं आणि भरपूर झालं असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. त्यात फिट येऊ शकते. डॉक्टरांना विचारा.

तुमच्यासाठीही वेगळी जागा हवी. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हा मदतगट १९५१ पासून आहे. नवरा त्याच्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जात नसला, तरी तुम्ही जाऊ शकता. मी जाते. तिथे काय बोलले, हे त्याने विचारायचं नाही, असं आमचं ठरलंय.