कोवर्किंगमध्ये (सामायिक ऑफिसात) डेस्क घेताय? आधी एक दिवस बसून बघा

टूर देतात तेव्हा सगळं मस्तच दिसतं, पण ती बहुतेक सकाळी १० ला असते, ऑफिस निम्मं रिकामं, आणि महिन्याचे पैसे भरून झाल्यावर कळतं की दुपारी कॉलवर आवाजच तुटतोय.

म्हणून आधी एक डे पास घ्या, तोही मंगळवार-बुधवारचा, सोमवारी आणि शुक्रवारी बऱ्याच जागी गर्दी कमी असते.

१. जो डेस्क मिळणार आहे त्याच्याच आसपास बसा. एसीचा झोत थेट मानेवर येतो का, प्लग पॉइंट ढिला आहे का (माझा चार्जर सारखा निसटायचा, शेवटी वही टेकवून ठेवायचो), हे बसल्याशिवाय कळत नाही.

२. दुपारी ३ च्या सुमाराला स्पीड टेस्ट करा, अपलोड नक्की बघा, व्हिडिओ कॉलमध्ये आपला आवाज आणि चेहरा समोरच्यापर्यंत त्याच्यावरच जातो.

३. फोन बूथ (कॉलसाठीची छोटी बंद केबिन) किती वेळ रिकामा मिळतो ते बघा.

शेजारी बसलेल्याला विचारा, खरं तोच सांगतो.

फक्त एक, डिपॉझिट कधी परत मिळणार आणि नोटीस किती दिवसांची हे ईमेलवर लिहून घ्या, तोंडी 'हो हो' वर जाऊ नका.